आखाड्यातून अभ्यासक्रमाकडे : वऱ्हाडातील किशोरांचा व्यायाम व त्याच्या परिणामाचे माप

वऱ्हाडात व्यायामाविषयी जी शब्दसंपत्ती रूढ आहे ती तीन थरांची आहे. 'आखाडा' हा शब्द संस्कृत 'अक्षवाटा'पासून प्राकृताच्या वाटेने मराठीत उतरला. 'मल्लखांब' आणि 'दंड' हेही त्याच घरचे होत. त्यावर फारसी व अरबी शब्दांचा जाड थर बसला आहे : तालीम, कसरत, जोर, कुस्ती, पैलवान, खुराक, लेझीम, कवाईत. हे शब्द केवळ वऱ्हाडचे नव्हेत, सबंध मराठी मुलखाचे आहेत. तथापि ज्या प्रांतात अचलपूर हे इमादशाहीच्या राजधानीचे ठिकाण होते, तेथे ते विशेष घरगुती वाटावेत यात नवल नाही. तिसरा थर विसाव्या शतकातील शिक्षणव्यवहाराने घातला. 'शारीरिक शिक्षण', 'अभ्यासक्रम', 'प्रात्यक्षिक', 'क्षमता' हे त्यातील ठळक शब्द. या तीन थरांच्या क्रमाने पाहिले म्हणजे वाढत्या वयातील मुलाच्या शरीराकडे समाजाने कोणकोणत्या अपेक्षेने पाहिले, याचा एक माग हाती लागतो.

मधल्या थरातील तीन शब्दांचे मूळ अर्थ येथे ध्यानात घेण्याजोगे आहेत. 'तालीम' म्हणजे शिकवणे. 'कसरत' म्हणजे विपुलता. एखादी गोष्ट पुष्कळदा करणे. 'कवाईत' हे 'कायदा' या शब्दाचे अरबी अनेकवचन; म्हणजे नियमांचा समुच्चय. शिकवणूक, पुनरावृत्ती आणि नियम या तीनही गोष्टी ज्यात आहेत त्यालाच आजच्या परिभाषेत सुनियोजित व्यायामक्रम म्हटले जाते. मराठीने मात्र त्यांना तीन वेगळ्या शब्दांत व तीन वेगळ्या जागी ठेवले होते : तालीम मातीत, कसरत घरी किंवा मल्लखांबावर आणि कवाईत पलटणीत. त्यांना एका आवारात आणण्याचे काम ज्या मोजक्या संस्थांनी केले, त्यांत अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे स्थान फार वरचे आहे.

जुन्या आखाड्यातील पद्धतीचे वर्णन सामान्यतः भक्तिभावाने केले जाते. तो भाव बाजूला ठेवून पाहिले तरी तिच्यात शरीरशास्त्राला मान्य होण्याजोगे एक तत्त्व होते, हे नाकारता येत नाही. उस्ताद मुलाला एकदम शंभर जोर मारावयास सांगत नसे. आज पन्नास, चार दिवसांनी पंचावन्न, महिन्याने साठ, अशा चढत्या मोजणीने मुलगा पुढे नेला जाई. आणि ही चढण प्रत्येकाची वेगळी असे. अंगावरचा भार थोडाथोडा वाढवीत गेल्याने स्नायू बळावतात, हे तत्त्व पाश्चात्त्य वैद्यकात १९४५ मध्ये डीलॉर्म या अमेरिकन वैद्याने जखमी सैनिकांवरील उपचारांच्या आधारे पद्धतशीर मांडले. आखाड्याला ते अनुभवाने ठाऊक होते. परंतु आखाड्याच्या यशाचा पुरावा नेहमीच एकांगी राहिला. जे टिकले, ज्यांच्या दंडाचे बेटकुळे लोकांनी पाहिले, त्यांची नावे उरली. जे आठ दिवसांत अंग दुखते म्हणून घरी बसले, त्यांची गणती कोणी ठेवली नाही. आखाड्याने मुले बलवान केली, की बलवान होऊ शकणारी मुलेच आखाड्यात उरली, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. आणि आजच्याही पुष्कळ प्रबंधांत तो विचारलेला आढळत नाही.

व्यवहारातील भाषा मात्र या बाबतीत संस्थांहून अधिक सूक्ष्म होती. मराठीत 'धट्टाकट्टा' वेगळा, 'गुटगुटीत' वेगळा आणि 'काटक' वेगळा. काटक माणूस दिसावयास किरकोळ असतो, पण उन्हात दिवसभर राबून थकत नाही. 'दम' हा शब्द छातीचा घेर सांगत नाही. चढण चढताना श्वास किती टिकतो ते सांगतो. 'पीळदार' अंगात मांस आहे व चरबी नाही, हे एका विशेषणात सांगून होते, तर 'अंगाने भरला' यात मांस आणि चरबी यांचा निवाडा मुद्दाम केलेला नसतो. हृदय व श्वसन यांची सहनशक्ती, स्नायूंचे बळ, लवचिकपणा आणि शरीरातील मेदाचे प्रमाण असे जे घटक आज वेगळे मोजले जातात, त्यांतील बहुतेकांना बोलीत स्वतंत्र शब्द होते. तरीही तालमीच्या भिंतीवर जी छायाचित्रे लागली ती छाती फुगवलेल्या पैलवानांचीच होती. काटक मुलाचे छायाचित्र काढावे असे कोणाला वाटले नाही.

एकोणिसाव्या शतकात मराठी व्यायामपरंपरेचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपासून मोजण्याचा प्रघात आहे. मल्लखांबाच्या विद्येला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय परंपरा त्यांना देते. ('शिस्त' हा शब्दही मुळात नेम धरण्याचा, मोल्सवर्थच्या कोशात तो अर्थ नोंदलेला आहे.) या विद्येची एक शाखा बडोद्यास वाढली. वऱ्हाडचा राजकीय इतिहास निराळा होता. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. त्यामुळे मुंबई इलाख्यात शारीरिक शिक्षणासाठी ज्या समित्या नेमल्या गेल्या व ज्या सरकारी संस्था निघाल्या, त्यांचा लाभ अमरावती-अकोल्याच्या शाळांना थेट मिळाला नाही. शाळेत साहेबी पद्धतीची कवाईत आणि शाळेबाहेर आखाडा अशी दुफळी येथे अधिक काळ टिकली. ती मोडावयाची तर खाजगी प्रयत्नावाचून गत्यंतर नव्हते.

हा प्रयत्न १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी अमरावतीस आरंभिला. संस्थेच्या नावातील 'प्रसारक' हा शब्द अर्थपूर्ण आहे. आखाडा मल्ल घडवितो. तो प्रसार करीत नाही. प्रसार करावयाचा तर जे शिकवावयाचे ते वाटता येईल अशा आकारात आणावे लागते : त्याचे पाठ पाडावे लागतात, पाठांना क्रम द्यावा लागतो, किती दिवसांत काय पुरे व्हावे हे ठरवावे लागते आणि शेवटी शिकवणाऱ्याला प्रमाणपत्र द्यावे लागते. मंडळाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उन्हाळी वर्ग सुरू करून हेच केले. शाळांना सुटी असते त्या काळात शिक्षकांनी यावे, काही आठवडे राहून शिकावे आणि जूनमध्ये आपापल्या गावी जाऊन मुलांकडून ते करवून घ्यावे, अशी ही योजना. वैशाखातील वऱ्हाडचे ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वर्गांचा काळ पाहून आश्चर्य वाटेल; अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. पण शिक्षकाला मोकळीक मिळे ती याच काळात.

या उन्हाळी वर्गांचा शारीरिक परिणाम काय झाला असावा, असा प्रश्न आजच्या ज्ञानाच्या आधारे विचारला तर उत्तर जरा अनपेक्षित येते. काही आठवड्यांच्या व्यायामाने बळ व दम वाढतो हे खरे. पण व्यायाम थांबला की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, त्या वाढीचा बराच भाग ओसरतो. म्हणजे वर्गाला आलेल्यांच्या अंगावर त्या उन्हाळ्याची खूण दिवाळीपर्यंत राहिली असेलच असे नाही. खूण राहिली ती गावोगावच्या शाळांत. ज्याला व्यायाम कसा घ्यावयाचा हे शिकवले आहे असा शिक्षक गावात असणे, हा त्या वर्गाचा खरा परिणाम होय. आणि तो कोणत्याही मोजपट्टीने मोजला गेला नाही.

अभ्यासक्रम म्हटला की आज्ञा आल्या. या बाबतीत बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव यांचे कार्य मूलभूत आहे. एकाच वेळी शेकडो मुलांकडून संघव्यायाम करून घेण्यासाठी त्यांनी इंग्रजी आज्ञांच्या जागी देशी भाषेतील आज्ञा रूढ केल्या. द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' (१९३६ ते १९४९) हाही बडोद्याचाच, आणि मराठीत या विषयाची परिभाषा स्थिर करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. भाषेच्या अंगाने पाहता आखाड्यातील बोलणे आणि मैदानावरील आज्ञा यांत एक भेद स्पष्ट दिसतो. उस्तादाच्या तोंडी क्रियापद असते व समोर एकच मुलगा असतो : 'अजून पाच मार', 'पाय आत घे', 'आज पुरे'. 'सावधान' किंवा 'विश्राम' या आज्ञेत क्रियापद नाही, वचन नाही, लिंग नाही. ती कोणा एकाला उद्देशून नाही. म्हणूनच ती सर्वांना लागू पडते. तिच्यामुळे दोनशे मुलांना एका तासात व्यायाम देणे शक्य झाले. पण 'आज पुरे' म्हणण्याची सोय तीत उरली नाही.

हा केवळ व्याकरणाचा भेद नव्हे. रांगेत उभी असलेली तेरा वर्षांची दोन मुले शरीराच्या वाढीने सारखी नसतात. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत सर्वसाधारणपणे बाराव्या व मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. पण एखाद्यात तो दोन वर्षे आधी, तर एखाद्यात दोन वर्षे मागाहून येतो. पौगंडावस्थेच्या अगोदर व्यायामाने जे बळ वाढते ते मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून वाढते. स्नायूंचा आकार लक्षात येण्याजोगा वाढतो तो त्यानंतर, विशेषतः मुलांमध्ये. तेव्हा एकाच आज्ञेवर, एकाच मोजणीने केलेला व्यायाम दोन शेजारच्या मुलांच्या शरीरात दोन निराळी कामे करीत असतो. आखाड्यातील उस्तादाला याची उपपत्ती ठाऊक नव्हती, पण तो मुलाकडे पाहून मोजणी बदलीत असे. संघव्यायामाला प्रसार साधला, आणि त्याची किंमत ही अशी पडली.

१९३६ मध्ये मंडळाचे पथक बर्लिनला गेले व ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने तेथे मल्लखांब, लेझीम, कबड्डी अशा भारतीय प्रकारांचे प्रयोग त्याने करून दाखविले. डॉ. सिद्धनाथ काणे या पथकाचे प्रमुख होते. ज्या बर्लिनमध्ये १८११ साली यान याने तरुणांसाठी उघड्यावरची पहिली व्यायामभूमी काढली आणि संघव्यायामाला राष्ट्रकार्याचे रूप दिले, तेथेच सव्वाशे वर्षांनी वऱ्हाडातील तरुणांनी आपली विद्या दाखवावी, हा योग लक्षणीय खरा. त्याचबरोबर ते बर्लिन नाझी राजवटीचे होते व शिस्तबद्ध शरीरांचा देखावा हे त्या राजवटीचे साधन होते, हेही विसरता येत नाही. पथकाचे कौतुक झाले आणि अमरावतीचे नाव दूरवर गेले. मात्र व्यायामाचा परिणाम म्हणजे प्रात्यक्षिक, हे समीकरण त्या कौतुकाने अधिकच घट्ट झाले. मल्लखांबावर शीर्षासन करणारा मुलगा सर्वांना दिसतो. मागच्या रांगेतला, वर्षभरात ज्याचा दम दीडपट झाला पण ज्याला खांबावर चढता येत नाही, तो दिसत नाही.

याच सुमारास मराठी मुलखात मोजमापाची दृष्टी अन्यत्र उगवू लागली होती. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. ठरावीक क्रिया, ठरावीक क्रम आणि रोजची वाढती संख्या यामुळे हा व्यायामक्रम प्रयोगाला सोयीचा होता, परंतु त्याचा पुरस्कार प्रचारकाच्या आवेशाने झाला. बडोद्यास माणिकरावांच्या हाताखाली शिकलेले स्वामी कुवलयानंद यांची वृत्ती वेगळी. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे परिणाम यंत्रांच्या साहाय्याने तपासावयास प्रारंभ केला व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. एकाच गुरुपरंपरेतून एक वाट मैदानाकडे व दुसरी प्रयोगशाळेकडे गेली. वऱ्हाडने मैदानाची वाट धरली.

जगात अन्यत्र किशोरांच्या क्षमतेचा प्रश्न सार्वजनिक झाला तो १९५३-५४ च्या सुमारास. क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा साध्या क्रियांची एक किमान चाचणी घेतली तेव्हा अमेरिकन मुलांपैकी ५७.९ टक्के मुले एका तरी क्रियेत नापास झाली. ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंड येथील मुलांत हे प्रमाण ८.७ टक्के होते. अमेरिकेत एकच हलकल्लोळ उडाला आणि १९५६ मध्ये अध्यक्षांच्या आज्ञेने युवकांच्या क्षमतेसाठी एक मंडळ नेमले गेले. पुढे असे दिसून आले की बहुसंख्य मुले वाकून पायाला हात लावण्याच्या एकाच क्रियेत अडखळली होती. म्हणजे चाचणी बळाची म्हणून गाजली आणि निकाल लवचिकपणाचा होता. चाचणीचे नाव आणि चाचणीचा विषय एकच असतात असे मानू नये, हा धडा येथल्या अभ्यासकांनाही उपयोगी आहे. त्यानंतर १९५८ मध्ये अमेरिकेत जी चाचणीमाला तयार झाली, तिच्यात सॉफ्टबॉल फेकण्याची एक कसोटी होती. ज्या मुलांनी सॉफ्टबॉल डोळ्यांनी पाहिला नाही त्यांच्या खांद्याचे बळ या कसोटीने कसे कळावे? भाषांतरात जशी म्हण अडते, तशी ही कसोटी देशांतरात अडते.

मंडळाच्या आवारात १९६७ मध्ये शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय निघाले आणि वऱ्हाडात या विषयाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली. आधी नागपूर व १९८३ पासून अमरावती विद्यापीठ, अशा दोन छत्रांखाली या शाखेत पदव्युत्तर संशोधन वाढले. 'अमुक वयोगटातील विद्यार्थ्यांवर बारा आठवड्यांच्या व्यायामक्रमाचा होणारा परिणाम' ही प्रबंधशीर्षकाची घडण आता सबंध देशातील या शाखेत परिचयाची आहे. घडण चांगली आहे. मात्र वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत ती एका अटीवरच विश्वसनीय ठरते. चौदा वर्षांचा मुलगा काहीही न करता बारा आठवडे नुसता वाढला, तरी तो अधिक लांब उडी मारतो, त्याची पकड घट्ट होते आणि वजन वाढते. तेव्हा व्यायाम न करणारा, पण वाढीच्या त्याच टप्प्यावरील तुलनेचा गट नसेल, तर 'आधी' व 'नंतर' यांतील फरक व्यायामाचा की निसर्गाचा हे सांगता येत नाही. त्यातही तुलनेसाठी एका शाळेतील सारी मुले एका गटात व दुसऱ्या शाळेतील दुसऱ्या गटात असतील, तर फरक व्यायामाचा की शाळेचा, हा आणखी एक प्रश्न उभा राहतो.

या अटी पाळून जे अभ्यास झाले आहेत त्यांचा एकत्रित निष्कर्ष उत्साहाला आवर घालणारा, परंतु निराशाजनक नव्हे असा आहे. २०१३ मध्ये शाळांतील व्यायामयोजनांच्या ४४ अभ्यासांचे एक पुनर्परीक्षण प्रसिद्ध झाले. अशा योजनांमुळे मुले अधिक वेळ हालचाल करू लागतात व त्यांची प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता वाढते. पण उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असे त्यात आढळले. किशोरवयात नियमित व्यायामाने ही प्राणवायूची क्षमता साधारणतः ५ ते १० टक्क्यांनी वाढते; प्रौढांच्या मानाने ही वाढ कमीच. म्हणजे दम वाढतो, काटा हलत नाही. हा निष्कर्ष वाचून योजना फसली असे मानणाऱ्या शाळा आहेत. चूक योजनेची नसून काट्याची असू शकते.

कारण वजनाचा काटा मांस आणि मेद यांत भेद करीत नाही. व्यायामाने दोन किलो मेद जाऊन दोन किलो स्नायू आले, तर शरीर पालटते आणि काटा जागीच राहतो. ही गोष्ट मराठी लोकांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या संशोधनाने दाखविले. पुण्याजवळच्या खेड्यांतून १९९३ पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो मातापोषणाचा अभ्यास केला, त्यात नवजात अर्भके सरासरीने २.७ किलोच्या आसपास, म्हणजे युरोपीय अर्भकांहून पुष्कळच हलकी आढळली. त्यांच्यात स्नायू व पोटातील अवयव कमी, पण त्वचेखालचा मेद त्या मानाने राखलेला होता. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही वजन-उंची निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखेच. ज्या किशोराला घरचे 'हडकुळा आहे, याला व्यायाम कशाला' म्हणतात, त्याच्या अंगात मेदाचे प्रमाण अधिक असू शकते. 'रोडका' आणि 'काटक' यांत बोली जो फरक करते, तो काटा करीत नाही.

मेदाचे प्रमाण मोजण्याचे शाळेला परवडणारे साधन म्हणजे त्वचेची घडी चिमट्याने मोजणे. दंडाच्या मागची आणि पोटरीची अशी दोन मापे घेऊन सूत्रात घालावयाची. पण मुलांसाठी सर्वत्र वापरले जाणारे जे सूत्र १९८८ पासून रूढ आहे, ते अमेरिकेतील मुलांवरून बसविलेले आहे. ज्या लोकांत मेद व मांस यांची वाटणीच निराळी आहे त्यांना ते जसेच्या तसे लावल्यास येणारा टक्का अचूक मानता येत नाही. त्यापेक्षा घड्यांची मिलिमीटरमधील बेरीज तशीच नोंदवून तीच पुन्हा पुन्हा ताडून पाहणे अधिक प्रामाणिक ठरते. यात मुलींची एक स्वतंत्र बाब आहे. वयात येताना मुलांच्या शरीरातील स्नायूंचा वाटा वाढतो व मुलींच्या शरीरातील मेदाचा वाटा स्वाभाविकपणेच वाढतो. एकाच व्यायामक्रमाने मुलांत 'यश' व मुलींत 'अपयश' आलेले पुष्कळदा दिसते ते यामुळे. त्यात मुलींचा आळस शोधणे हा अन्याय आहे.

महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींमुळे मोजमाप वऱ्हाडात खऱ्या अर्थाने आले. ८ ते १४ वर्षांच्या मुलामुलींची उंची, वजन, ३० व ८०० मीटर धाव, उभी उडी, लवचिकपणा अशा कसोट्या लावून निवड होऊ लागली. अकोल्याच्या प्रबोधिनीने मुष्टियुद्धात नाव मिळविले. हे स्वागतार्हच आहे. तथापि येथे मोजणी निवडण्यासाठी आहे, परिणाम जाणण्यासाठी नव्हे. जो निवडला गेला नाही त्याला मोजण्याचे प्रयोजन त्या दिवशीच संपते. मुष्टियुद्धात वजनाचे गट असतात, त्यामुळे काट्याचे राज्य तेथे पुन्हा सुरू होते. सामन्यापूर्वी पाणी तोडून वजन उतरविण्याची खोड जगभरच्या किशोर मुष्टियोद्ध्यांत आढळते व वाढत्या शरीराला ती घातक आहे. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीमालेत समतोल, उदराचे बळ, लवचिकपणा, ५० व ६०० मीटर धाव असे घटक आहेत, ही मोठीच सुधारणा होय. पण शरीराच्या घडणीसाठी तिच्यातही वजन-उंचीचा निर्देशांकच आहे. म्हणजे पुण्याने जी फट दाखविली ती बुजलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातील शाळकरी किशोरांपैकी ८१ टक्के या मर्यादेपर्यंत पोहोचत नाहीत. मुलांत हे प्रमाण ७८ व मुलींत ८५ टक्के आहे. भारतातील मुलींच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के व मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळली. प्राणवायू वाहून नेणारे रक्तच उणे असेल तर दम वाढणार कोठून? आखाड्याने 'खुराक' हा शब्द व्यायामापासून कधी वेगळा काढला नव्हता. अभ्यासक्रमाने तो वगळला. वेळापत्रकात त्याला तास नव्हता.

ज्या अमरावती जिल्ह्यात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, त्याच जिल्ह्यात धारणी व चिखलदरा हे मेळघाटचे दोन तालुके आहेत, आणि बालकांच्या कुपोषणासाठी मेळघाटचे नाव गेली अनेक वर्षे वृत्तपत्रांत येत आले आहे. तेथील कोरकू किशोरांसाठी व्यायामक्रम आखावयाचा तर मेद घटविणे हा हेतू असूच शकत नाही. वजन वाढावे आणि ते स्नायूंचे वाढावे, हा हेतू राहील. त्यासाठी आधी पोटभर अन्न व रक्तवर्धक औषध, मग बळाचा व्यायाम, आणि लांब धावण्यासारखा ऊर्जा खर्चणारा व्यायाम बेताने, असा क्रम लावावा लागेल. अमरावती शहरातील मोटारीने शाळेत जाणाऱ्या मुलासाठी केलेली योजना तेथे चालणार नाही. भाषेचा प्रश्नही आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. तिचा मराठीशी वा हिंदीशी वंशाचा संबंध नाही. लहान वयात आश्रमशाळेत आलेल्या मुलाला मैदानावरील आज्ञा आवाजावरून व शेजाऱ्याकडे पाहून उमजतात, शब्दावरून नव्हे. चाचणीच्या सूचना नीट न कळल्याने त्याची उडी आखूड नोंदली जाण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या भाषेत सूचना देऊन, दोनदा सराव करवून मगच माप घेतले पाहिजे. आश्रमशाळेत मुले राहतात, जेवतात व खेळतात एकाच आवारात. आहार आणि व्यायाम दोन्ही एकाच्या देखरेखीखाली, वर्षभर सलग, असे हे ठिकाण आहे. घडीचे माप, ६०० मीटरची धाव, हाताची पकड आणि रक्तातील लोह यांची नोंद दर तिमाहीस ठेवता येण्याजोगी सोय तेथे सहज होऊ शकते, आणि अमरावतीहून शिकून गेलेला शारीरिक शिक्षणाचा पदवीधर ती ठेवू शकतो.